क्षयरोग, शिधा आणि आपला दवाखाना

झारखंडमधील एका संशोधनाचे निष्कर्ष २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बातमी आली आणि गेली. कामगार चळवळीने मात्र ती विसरता कामा नये, असे आम्हाला वाटते.

चार जिल्ह्यांतील २,८०० क्षयरुग्णांना औषधांबरोबर दरमहा दहा किलो शिधा देण्यात आला. काही विभागांत घरच्या माणसांनाही माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. अशा घरांतून क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी निघाले. फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे तर ४८ टक्क्यांनी. तांदूळ आणि डाळीने एवढे साधले! चाळीत वाढलेल्या आपल्या म्हाताऱ्यांना हे लॅन्सेटवाचूनही ठाऊक होते, ही गोष्ट वेगळी.

सरकार निक्षय पोषण योजनेखाली रुग्णाला २०१८ पासून महिना ५०० रुपये देत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. घरच्यांच्या शिध्याची भिस्त मात्र ‘निक्षय मित्र’ म्हणवणाऱ्या देणगीदारांवर आहे. पोटाचा प्रश्न दानधर्मावर सोपवणे आम्हाला मान्य नाही.

पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, हे भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. २०२१-२२ चा अधिकृत आकडा १.८४ टक्के होता. त्याच वर्षी देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले.

आता थोडे आपल्या घरात पाहू. रेल्वेचा कायम कर्मचारी मेडिकल कार्ड घेऊन रेल्वे इस्पितळात जातो. त्याच फलाटावर झाडू मारणाऱ्या कंत्राटी बाईला ते दार बंद. तिच्या पगारातून ई.एस.आय.ची कपात होते, पण कार्ड हाती पडत नाही, अशा तक्रारी आमच्याकडे येतात. कंत्राटदाराने टाळाटाळ केली तरी वर्गणीची जबाबदारी मुख्य मालकावर आहे, हे आपल्यापैकी किती पदाधिकारी ठणकावून विचारतात? टपाल खात्यातही तेच. खेड्यापाड्यात टपाल पोचवणारा ग्रामीण डाकसेवक केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या बाहेर उभा आहे, आणि आम्ही आपल्या दवाखान्यातील औषधांच्या तुटवड्याचे निवेदन देऊन घरी जातो.

निवेदने द्यावीतच; तुटवडा खरा आहे. पण क्षयाचा जंतू कायम आणि कंत्राटी असा भेद करीत नाही. एकाच केबिनमध्ये, एकाच आर.एम.एस.च्या डब्यात तो दोघांच्याही छातीत शिरतो.

म्हणून शाखा सचिवांना आमची सूचना आहे : आपल्या स्टेशनातील, डेपोतील, टपाल कार्यालयातील किती कंत्राटी कामगारांकडे ई.एस.आय. कार्ड नाही आणि किती डाकसेवकांनी गेल्या वर्षी औषधोपचारासाठी कर्ज काढले, त्याची नावनिशीवार यादी करा. पुढच्या पी.एन.एम. बैठकीच्या विषयपत्रिकेत ती पहिल्या क्रमांकावर घाला. आपल्या दवाखान्याची मागणी त्याखाली लिहा.