‘वाढून’ जमते, मग ‘रीचिंग’ का अडते?

पुणे-नाशिक महामार्गावर कुरुळी, निघोजे, चाकण या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणारे लहान-मोठे व्हेंडर दाटीने बसले आहेत. बजाज ऑटो इथे आधीपासून होती, 2009 साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. मशिनवरचे बोलणे मराठी-हिंदीत चालते, कस्टमरला जाणारा रिपोर्ट मात्र इंग्रजीत.

समजा, एखाद्या आठवड्यात रिजेक्शन, म्हणजे नाकारलेल्या भागांचे प्रमाण, 2 टक्क्यांवरून 4 वर गेले. क्वालिटीतला पोरगा लिहितो, ‘रिजेक्शन इन्क्रीज्ड. इट रीच्ड फोर परसेंट.’ व्याकरणाची चूक काढायला जागा नाही, पण वाक्ये सुट्या नटबोल्टसारखी पडलेली. तोच पोरगा टपरीवर चहा पिताना सांगतो, ‘रिजेक्शन वाढून चार टक्क्यांवर गेलं.’ ‘वाढून’सारखी, शाळेत ‘धातुसाधित’ म्हणून घोकलेली रूपे त्याच्या तोंडात दिवसभर असतात.

मग अडते कुठे? मराठीत आधीच्या क्रियेला ‘ऊन’ लागतो आणि पूर्ण क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत आकड्यांबद्दल लिहिताना बहुधा उलटे होते. वाढ झाली हे पूर्ण क्रियापदाने आधी सांगायचे आणि ती कुठवर गेली, हे ‘इंग’ लावून मागे जोडायचे: ‘रिजेक्शन इन्क्रीज्ड, रीचिंग फोर परसेंट.’ मराठीत प्रत्यय ‘वाढणे’ला लागला, इंग्रजीत ‘पोहोचणे’ला. आयटीआयत किंवा पॉलिटेक्निकमध्ये ही दोन वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहिली, तर एका तासात काम होईल. इंग्रजीच्या तासाला मराठीला वर्गाबाहेर उभे करण्याचा हट्ट सोडायला हवा.

कारण मराठी कान चूकही पकडतो. ‘कंपेअरिंग बोथ शिफ्ट्स, रिजेक्शन वॉज हायर इन द सेकंड’ हे वाक्य वरवर चकचकीत वाटते. तेच मराठीत म्हणून पाहावे: ‘दोन्ही शिफ्टची तुलना करून दुसरीत रिजेक्शन जास्त होते.’ तुलना केली कोणी, रिजेक्शनने? लगेच खटकते.

‘इंग’ लावून जोडण्यातला खरा धोका मात्र ‘कॉझिंग’चा. 2001 ते 2011 या दोन जनगणनांमध्ये पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे 10 लाखांवरून 17 लाखांच्या पुढे गेली. इथे ‘क्रॉसिंग सेव्हन्टीन लाख’ लिहिले, तर ते आकड्यातच आहे. ‘कारखाने आले, कॉझिंग ही वाढ’ असे लिहिले, तर कारण लिहिणाऱ्याने पदरचे घातले. ते बरोबर असेलही, पण या दोन आकड्यांत ते नाही.

वाहन उद्योगात समस्या सोडवताना भरायच्या आठ पायऱ्यांच्या ‘एट-डी’ रिपोर्टमध्ये मूळ कारण शोधायला चौथी पायरी राखून ठेवलेली असते. ‘डाय वोअर आउट, कॉझिंग हाय रिजेक्शन’ हे वाक्य दुसऱ्या पायरीवर, नुसत्या समस्येच्या वर्णनातच उमटले, तर ऑडिटर पहिला प्रश्न विचारणार: डाय उतरवून मोजली का? मोजली नसेल, तर तिथे ‘रीचिंग फोर परसेंट’ एवढेच लिहून थांबावे.