बेरोजगारी भत्ता : पडताळणीची दुसरी बाजू

बेरोजगारांना दिली जाणारी मदत योग्य व्यक्तीच्याच हाती पडावी आणि सरकारी तिजोरीची गळती थांबावी, या हेतूने संगणकीकृत पडताळणीवरील भर सर्वत्र वाढत आहे. तोतया लाभार्थी रोखणे हे या कामाचे एक अंग आहे. खऱ्या हक्कदाराला यंत्रणेने चुकून वगळले, तर ती चूक कोण शोधणार, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. राजस्थानच्या अनुभवावरून या दोन्ही बाजू स्पष्ट होतात.

राजस्थान सरकारने १ फेब्रुवारी २०१९ पासून पदवीधर बेरोजगारांसाठी मुख्यमंत्री युवा संबल योजना लागू केली. तिच्याद्वारे पुरुषांना दरमहा ३,००० रुपये, तर महिला, अपंग व तृतीयपंथी उमेदवारांना ३,५०० रुपये भत्ता ठरवण्यात आला. १ जानेवारी २०२२ पासून या रकमेत १,००० रुपयांची वाढ झाली. त्याचबरोबर सरकारी कार्यालयात दररोज चार तास काम करण्याची अटही घालण्यात आली. तरुणांना कामाचा अनुभव मिळावा हा तिचा उद्देश होता. अन्यत्र पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला अशी हजेरी लावणे कठीण असल्याने ही अट पडताळणीचेही काम करते. मात्र दूरच्या गावातून येणाऱ्या उमेदवाराला प्रवासखर्च आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाचा वेळ या रूपाने तिची किंमत मोजावी लागते.

भत्ता हा सरकारी तिजोरीतून मिळतो, तर विमा हा कामगाराच्या वर्गणीवर उभा असतो. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने १ जुलै २०१८ पासून अटल विमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली. नोकरी गमावलेल्या विमाधारकाला सरासरी वेतनाच्या २५ टक्के रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस देण्याची तीत तरतूद होती. कोरोनाच्या साथीत, २४ मार्च २०२० पासून हे प्रमाण ५० टक्के करण्यात आले. तोपर्यंत मागणी अर्ज मालकामार्फत पाठवावा लागत असे. कारखाना बंद करून गेलेल्या मालकाची सही आणायची कोठून, ही कामगारांची अडचण होती. २०२० च्या बदलानुसार महामंडळाच्या शाखेकडे थेट अर्ज करण्याची मुभा मिळाली आणि पडताळणी वर्गणीच्या नोंदी, आधार व बँक खाते यांवर आली. तरीही मालकाने वर्गणीच भरली नसेल, तर जयपूरच्या सीतापुरा किंवा विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातील कामगार संगणकाच्या दृष्टीने कामगारच ठरत नाही.

गैरव्यवहाराची भीती निराधार नाही. अमेरिकेत साथीच्या काळात बेरोजगारी विम्यातून १०० ते १३५ अब्ज डॉलर लबाडीने उचलले गेले असावेत, असा अंदाज तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२३ मध्ये वर्तवला. विमा यंत्रणेच्या आधुनिकीकरणासाठी २०२१ च्या कायद्याने २ अब्ज डॉलर मंजूर केले होते. त्यातील १ अब्ज डॉलर २०२३ मध्ये काढून घेण्यात आले. जुनाट संगणक आणि घाईचे वाटप यांचा फायदा टोळ्यांनी घेतला, तर अनेक खरे बेरोजगार महिनोन्‌महिने ताटकळत राहिले. म्हणजेच दुबळी यंत्रणा दोन्ही प्रकारच्या चुका एकाच वेळी करते.

राजस्थानात २०१६ च्या सुमारास सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनाच्या नोंदींची छाननी झाली, तेव्हा हयात वृद्धांनाही कागदोपत्री मृत ठरवल्याची प्रकरणे उघडकीस आली. हा घोळ संगणकाने शोधून काढला नाही. गावोगावी जाऊन माणसांना भेटल्यावरच तो समजला. याच राज्यात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराणा येथे पहिली जनसुनावणी घेतली होती. हजेरीपटावरील नावे गावासमोर वाचली जाताच खोटी नावे उघड झाली. त्याच परंपरेतून सप्टेंबर २०१९ मध्ये जयपूर येथे जन सूचना पोर्टल सुरू झाले आणि सरकारी योजनांची माहिती अर्जाविना पाहता येऊ लागली.

महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याने मागणी करूनही काम न मिळाल्यास बेरोजगारी भत्त्याची तरतूद १९७० च्या दशकातच केली होती. बेकारीच्या काळातील मदत ही कृपा नसून हक्क आहे, हे तत्त्व त्यामागे होते. हक्क मानला की, नकाराचे कारण सांगण्याची जबाबदारी सरकारवर येते.

त्यामुळे आधुनिकीकरणावर होणाऱ्या खर्चाचे मोजमाप केवळ वाचवलेल्या रुपयांत करणे पुरेसे नाही. किती अर्ज नाकारले, कोणत्या कारणाने नाकारले आणि अपिलात त्यांपैकी किती मान्य झाले, हे आकडेही नियमितपणे जाहीर व्हावयास हवेत. नकार लेखी असावा आणि अपिलाचा निकाल ठरावीक मुदतीत लागावा. संगणकाने शंका उपस्थित केली, तरी रक्कम कायमची बंद करण्यापूर्वी संबंधित व्यक्तीचे म्हणणे ऐकून घ्यावे. नोकरी गेलेल्या माणसाजवळ पैशाइतकीच वेळेचीही टंचाई असते. त्याच्या घरचा चुलीचा खर्च अपिलाच्या तारखेपर्यंत थांबत नाही.