पत्ता पाकिटावरच बरा

मंडळी, आज विषय जरा तांत्रिक आहे, पण कंटाळू नका. कमांड लाइनवर चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट आपल्यातले बरेच जण वापरतात. कुणा भाच्याने लिहून दिलेली असते, आपण नाव टाइप करून एंटर दाबतो. ती इंटरनेटवरच्या एखाद्या एपीआयकडे मागणी पाठवते. माझं म्हणणं एवढंच, की ही मागणी कुठल्या पत्त्यावर जायची ते स्क्रिप्टच्या पोटात कोरून ठेवू नये. मजकूर पत्रात, पत्ता पाकिटावर!

२००८ साली ट्विटरवर एका ओळीच्या कमांडने संदेश टाकता येई. त्याच वर्षी आयडेंटी डॉट सीए ही मुक्तस्रोत सेवा निघाली आणि तिने ट्विटरच्याच धर्तीचा एपीआय दिला. ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये पत्ता बदलता येत होता, त्यांना दोन्ही घरं खुली झाली. बाकीचे आतल्या ओळी शोधत बसले.

आपल्या जवळचं बघा. मराठी विकिपीडिया, विक्शनरी आणि विकिस्रोत या तिन्हींच्या मागे मीडियाविकी ही एकच प्रणाली आहे. एपीआयला प्रश्न विचारायची रीत तीच, बदलतो तो सुरुवातीचा पत्ता. म्हणजे शब्द शोधायला लिहिलेली स्क्रिप्ट विकिस्रोतातल्या जुन्या पुस्तकांतही शोधू शकते.

कुणी म्हणेल, पत्ता बदलला की सगळं भागतं का? नाही. ट्विटरने ११ जून २०१३ रोजी जुना एपीआय बंद केला, तेव्हा नव्यात प्रत्येक मागणीसोबत ओळख पटवणं सक्तीचं होतं. तिथे नुसता पत्ता पुरला नाही. दुसरा धोका मोठा. पत्ता चुकला तर पासवर्डही परक्याच्या हाती जातो. म्हणून पत्ता आणि त्याची किल्ली जोडीनेच ठेवावी, आणि एचटीटीपीएस सोडू नये.

सोय साधी असावी. काहीच सांगितलं नाही तर नेहमीचा पत्ता; एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दिला असेल तर तो; आणि कमांडसोबत टाइप केला तर सगळ्यात आधी तो. चार-पाच ओळींचं काम आहे.

आता हा आग्रह का? लिहून देणारा नोकरी बदलतो, परदेशी जातो, विसरून जातो. वापरणारा मागे राहतो, आणि त्याला कोड वाचता येत नसतो. सेवेचा पत्ता बदलला की त्याचं काम अडतं, आणि तो आपलंच काही चुकलं असं समजून गप्प बसतो. हे मला बरं वाटत नाही.

तेव्हा लिहिणाऱ्या पोरांनो, एवढं कराच. तुमचं काय मत?