‘अ‍ॅडोलसन्स’: गुन्हा मुलाचा, मग बाप माफी का मागतो?
मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘अ‍ॅडोलसन्स’ या ब्रिटिश मालिकेत १३ वर्षांच्या जेमीवर शाळेतल्या मुलीच्या खुनाचा आरोप आहे. खून कोणी केला, हे पहिल्याच भागात सीसीटीव्हीमुळे कळतं. उरतो तो प्रश्न ‘का?’

चौथ्या, शेवटच्या भागात जेमीचा बाप एडी मुलाच्या रिकाम्या पलंगावर टेडी बेअरला पांघरूण घालतो आणि माफी मागतो. प्रेक्षकांचा वाद इथेच आहे: त्याचं काय चुकलं?

एडी स्वतः वडिलांचा मार खात वाढला, पण त्याने मुलांवर हात उचलला नाही. पोरगा आपल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर आहे, म्हणजे सुरक्षित आहे, असं त्याला वाटलं. कायद्याच्या नजरेत एडीचा गुन्हा नाही. पण मारलं नाही म्हणजे लक्ष दिलं असं होत नाही, हे त्याला फार उशिरा कळतं.