जाळे लोकांचे, यंत्र कुणाचे?

ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त फर्मवेअरच्या १९.०७ या मालिकेची अखेरची आवृत्ती २०२२ साली निघाली आणि तिच्याबरोबरच ४ मेगाबाइट साठवण व ३२ मेगाबाइट मेमरी असलेल्या लहान राउटरांचा अधिकृत आधार संपला. घटना तांत्रिक होती आणि वृत्तपत्रांनी तिची दखल घ्यावी असे तीत काही नव्हते. परंतु जर्मनीतील ज्या स्वयंसेवकांनी पंधरा-वीस युरोंचा टीपी-लिंक ८४१ सारखा राउटर खिडकीत ठेवून लोकांचे स्वतःचे बिनतारी जाळे उभे केले होते, त्यांच्यासाठी तो निर्णय साधा नव्हता. यंत्रे चालू होती, दिवे लुकलुकत होते. तरी त्यांना यापुढे नवी आवृत्ती मिळणार नव्हती, आणि सुरक्षेतील एखादे छिद्र उघडकीस आले तर ते बुजविलेही जाणार नव्हते. चालते यंत्र एका दिवसात जुने ठरले. ते कुणामुळे ठरले, हा प्रश्न तंत्रज्ञांपुरता नाही. तो आपलाही आहे.

प्रथम विषय स्पष्ट करू. नेहमीच्या व्यवस्थेत प्रत्येक घर कंपनीशी स्वतंत्रपणे जोडलेले असते आणि शेजारच्या घराशीही बोलायचे तर कंपनीच्याच दारातून जावे लागते. मेश, म्हणजे जाळीदार रचनेत, प्रत्येक राउटर शेजारच्या राउटरचा संदेश पुढे पोचवितो. आग विझविताना माणसे रांगेने उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तसेच हे काम चालते. एक दुवा तुटला तर संदेश दुसऱ्या वाटेने जातो. मधे मालक लागत नाही. मात्र बाजारातला राउटर हे काम सहसा आपण होऊन करीत नाही. त्यासाठी कंपनीने त्याच्या पोटात बसविलेली आज्ञावली, म्हणजेच फर्मवेअर, काढून तेथे दुसरी बसवावी लागते. बर्लिनमध्ये २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरू झालेल्या फ्रायफुंक चळवळीने हेच केले. तिचे कार्यकर्ते समाधानकारक अशी वाट शोधण्याची पद्धत हाती नाही म्हणून थांबले नाहीत. २००६ पासून त्यांनी बॅटमॅन नावाची स्वतःची पद्धत रचली, आणि २०११ साली तिच्या एका रूपाचा समावेश लिनक्सच्या गाभ्यात झाला. २०१५ साली निर्वासितांचे लोंढे जर्मनीत आले, तेव्हा अनेक निवारा-केंद्रांत याच चळवळीच्या कार्यकर्त्यांनी जाळे पोचविले. घरादारापासून तुटलेल्या माणसाला मागे राहिलेल्या आईशी बोलता येणे ही चैन नव्हे, हे त्यांनी ओळखले होते.

या साऱ्या कामाचा पाया कसा घातला गेला, हे विसरता कामा नये. लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्यात लिनक्स ही मुक्त आज्ञावली वापरली असल्याचे २००३ साली स्वतंत्र तंत्रज्ञांनी शोधून काढले. लिनक्सचा परवाना असे सांगतो की, जो ती वापरून वस्तू विकील त्याने तिचा सोर्स कोडही खुला केला पाहिजे. तंत्रज्ञांनी हा हक्क मागितला, आणि कंपनीला कोड खुला करावा लागला. त्याच कोडातून २००४ साली ओपनडब्ल्यूआरटीचा जन्म झाला. नावातील अखेरची अक्षरे त्या राउटरचीच आहेत. म्हणजे ही चळवळ कुणाच्या औदार्यातून जन्मली नाही. हक्क लिहिलेला होता, आणि तो बजावून घेणारी माणसे होती, म्हणून ती जन्मली.

पण पुढचा अध्यायही तितकाच बोधप्रद आहे. २००५ साली त्याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीत साठवण ४ वरून २ मेगाबाइटवर आणि मेमरी १६ वरून ८ मेगाबाइटवर आणण्यात आली, व लिनक्सच्या जागी दुसरी, बंदिस्त प्रणाली आली. खोक्यावरचे नाव तेच राहिले, आतले यंत्र बदलले. मुक्त आज्ञावलीला पाय ठेवायला जागा उरली नाही. मागणी पाहून कंपनीने जुनी रचना निराळ्या नावाने पुन्हा विकावयास काढली हे खरे. परंतु काय द्यायचे आणि काय काढून घ्यायचे, हे कंपनीच ठरविणार, हेही त्यातून सिद्ध झाले. आज्ञावली लोकांची झाली तरी ती ज्या यंत्रात राहते त्याची रचना दुसऱ्याच्या हाती राहिली, तर ते स्वातंत्र्य भाडेकरूचे स्वातंत्र्य असते. घरमालक भिंत कधी पाडील याचा नेम नसतो.

ही भिंत आता तीन बाजूंनी पुढे सरकत आहे. पहिली बाजू रेडिओ चिपची. २००८ साली एथेरॉस कंपनीने आपल्या चिपचा ड्रायव्हर खुला केला. त्या पिढीतील चिपमध्ये निराळी बंदिस्त आज्ञावली नव्हती, म्हणून जाळीदार रचनेच्या प्रयोगांना ती मोठी उपकारक ठरली. पुढच्या पिढीत चिपच्या आतच कंपनीची बंद आज्ञावली आली. आता बाहेरचा ड्रायव्हर खुला असला, तरी चिप जाळीत नीट काम करील की नाही हे तिचा निर्माता ठरवितो.

दुसरी बाजू कायद्याची. २०१५ च्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने राउटर उत्पादकांना विचारले की, बाहेरची फर्मवेअर बसविता येऊ नये यासाठी तुम्ही काय उपाय केला आहे? रेडिओ लहरींची शिस्त हे त्यामागचे कारण होते आणि ते खोटे नव्हते. विमानतळांजवळील हवामान रडारना अडथळा येता कामा नये. परंतु लहरींचा भाग तेवढा बंद करण्यापेक्षा सारे यंत्रच कुलूपबंद करणे उत्पादकाला स्वस्त पडते. विरोध झाल्यावर त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आयोगाने आपली भाषा बदलली. २०१६ साली टीपी-लिंक कंपनीशी झालेल्या समझोत्यात २ लाख डॉलर दंडाबरोबरच, बाहेरची फर्मवेअर बसविता यावी यासाठी मुक्त आज्ञावलीच्या समूहांशी सहकार्य करण्याची अटही घालण्यात आली. संघटित आवाजाने नियम वाकतो, याचा हा पुरावा आहे.

तिसरी बाजू काळाची. लिनक्सचा गाभा वर्षानुवर्षे वाढतो, सुरक्षेच्या गरजा वाढतात, आणि चार मेगाबाइटांत ते सारे मावत नाही. येथे काही मित्र रागाने म्हणतील की, मुक्त आज्ञावलीवाल्यांनीही अखेर गरिबांची यंत्रे टाकलीच ना? हा राग समजण्यासारखा असला तरी त्याचा रोख चुकीचा आहे. हे काम बहुतांशी स्वयंसेवक फावल्या वेळात करतात. कंपन्यांनी ज्या यंत्रांकडे केव्हाच पाठ फिरविली होती, ती यंत्रे त्यांनी पुढे कित्येक वर्षे चालविली. दोष असेल तर तो काही पैसे वाचविण्यासाठी यंत्रात पुरेशी मेमरी न घालणाऱ्या बाजाराचा आहे. जे स्वस्त म्हणून विकले गेले ते आयुष्यातच कापलेले होते.

मग वाट कोणती? दोन प्रयत्न नोंदविण्यासारखे आहेत. अर्जेंटिनाच्या कोर्दोबा प्रांतात खेड्यापाड्यांत जाळी उभारणाऱ्या आल्टरमुंदी या संस्थेने लिब्रेराउटर नावाचे यंत्र जाळीदार रचनेसाठीच घडविले. त्यात तीन रेडिओ आहेत आणि त्याची रचना खुली आहे. दुसरा प्रयत्न खुद्द ओपनडब्ल्यूआरटीचा. २०२४ च्या नोव्हेंबरात ओपनडब्ल्यूआरटी वन हा त्यांचा पहिला राउटर विक्रीस आला. त्याची मेमरी १ गिगाबाइट आहे, कवचासह किंमत ८९ डॉलर ठेवण्यात आली आणि प्रत्येक नगामागे १० डॉलर प्रकल्पाच्या निधीला जातील अशी व्यवस्था झाली. चुकीची आज्ञावली बसवूनही यंत्र कायमचे निकामी होऊ नये, याची काळजी त्याच्या रचनेतच घेतली आहे. ही उमेद देणारी गोष्ट आहे. तथापि आपण स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. या यंत्रांतही चिप मोठ्या कंपनीचीच असते, आणि ८९ डॉलर म्हणजे खिडकीतल्या त्या लहान राउटरच्या किमतीची चार-पाच पट. स्वतःचे यंत्र घडविणे आवश्यक आहे, पण ते पुरेसे नाही. बाजारातील साध्या यंत्रावरचा हक्क सोडून चालणार नाही.

तो हक्क कायद्याने मिळू शकतो. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाने कोणता राउटर वापरावा हे कंपनी ठरवू शकत नाही. युरोपीय संघाच्या सायबर सुरक्षा कायद्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होत असून, उत्पादकाने सामान्यतः किमान पाच वर्षे यंत्राच्या सुरक्षेची जबाबदारी घ्यावी असे तो सांगतो. पण पाच वर्षांनंतर काय? जबाबदारी सोडताना कुलूपाची किल्ली ग्राहकाच्या हाती द्या, हे वाक्य त्यात लिहून घेण्याची लढाई अजून बाकी आहे.

आपल्या देशाला हा विषय परका नाही. २००५ च्या जानेवारीत भारतात २.४ गिगाहर्ट्झ लहरींचा घराबाहेरील वापर परवानामुक्त झाला, आणि पुढच्याच महिन्यात धरमशाला येथे जाळीदार बिनतारी जाळे सुरू झाले. एक बंधन हटताच डोंगरात जाळे उभे राहिले! २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. ट्रॅक्टर व मोबाइल यांच्या दुरुस्तीचा हक्क मान्य करावयाचा, तर राउटरची आज्ञावली बदलण्याचा हक्क त्यातून वगळण्याचे कारण काय?

आमच्या मते मागण्या तीन असाव्यात. ग्राहकाला आपल्या यंत्रातील फर्मवेअर बदलण्याचा हक्क कायद्यात नोंदविला जावा, आणि लहरींचे नियमन त्याआड येऊ नये. उत्पादकाने आधार थांबविताच चिपची माहितीपत्रके व किल्ल्या खुल्या कराव्यात. सार्वजनिक पैशातून शाळा, ग्रंथालये व ग्रामपंचायतींसाठी जे राउटर विकत घेतले जातात, ते मुक्त फर्मवेअर चालेल असेच असावेत, व त्यांत पुढील दहा वर्षांना पुरेल इतकी मेमरी असावी. यांपैकी तिसऱ्या मागणीसाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. निविदेतील दोन ओळी पुरतात. ग्रामपंचायतीत वा शाळा-समितीत बसणाऱ्या कार्यकर्त्याने पुढच्या खरेदीच्या वेळी तेवढा प्रश्न विचारावा. लोकांचे जाळे टिकायचे असेल, तर ते ज्या यंत्रावर उभे आहे त्याची किल्लीही लोकांच्याच हाती असली पाहिजे.