'फरार' म्हणण्याआधी

इंग्रजी 'अ‍ॅब्स्कॉन्ड'चं मूळ लॅटिन. अर्थ, दूर लपवून ठेवणं. आपण त्यासाठी 'फरार' लिहितो. तो मुळात अरबी, अर्थ पळणं. लपणं काय, पळणं काय, दोन्हींत हेतू आलाच. पोटासाठी परगावी गेलेला माणूस घरी सापडला नाही, म्हणून तो फरार होत नाही. कायदाही घाई करत नाही. वॉरंट निघाल्यावर आरोपी पळाला किंवा लपला आहे असं न्यायालयाला वाटलं, तरच उद्घोषणा निघते. हजर व्हायला किमान ३० दिवस मिळतात. पूर्वी हे कलम ८२ होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ८४. बातमीत मात्र पहिल्याच दिवशी 'फरार' छापून येतं आणि मोहल्ल्यात त्याच्या आईबापांना तोंड दाखवणं अवघड होतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, 'अद्याप सापडला नाही' असं लिहा. तेवढंच खरं आहे.