'लवकरच' म्हणजे नेमकं कधी?

बेलापूर-पेंधर मेट्रोचं भूमिपूजन झालं 1 मे 2011 रोजी आणि प्रवासी घेऊन ती धावली 17 नोव्हेंबर 2023 रोजी. भूमिपूजनाच्या वेळी बालवाडीत असलेलं पोर तोवर अकरावीत पोहोचलं. मधल्या काळात खारघर-तळोज्यात 'मेट्रोपासून चालत अंतरावर' म्हणून फ्लॅट मात्र विकले जात होते. मेट्रो नव्हती, तिची किंमत वसूल होत होती.

हाच खेळ आता तुमच्या हातातल्या मोबाइलवर चालतो, फक्त शब्द बदललाय: 'कमिंग सून'.

ओला इलेक्ट्रिकची स्कूटर आठवते? 15 ऑगस्ट 2021 रोजी ती मोठ्या थाटात सादर झाली. क्रूझ कंट्रोल, हिल होल्ड, नेव्हिगेशन, सगळं यादीत होतं. डिसेंबरमध्ये गाड्या लोकांच्या दारात आल्या, तेव्हा यातलं बरंच काही गाडीत नव्हतं. सॉफ्टवेअर अपडेटमधून येईल, असं सांगण्यात आलं. क्रूझ कंट्रोल आणि नेव्हिगेशन यायला 2022 चा जून उजाडला, हिल होल्डला तर त्या वर्षाचा डिसेंबर. पैसे मात्र पूर्ण गाडीचे आधीच गेलेले.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. जून 2024 मध्ये अ‍ॅपलने नवी 'सिरी' दाखवली. आईचं विमान कधी उतरणार, हे ती तुमच्या मेल-मेसेजमधून शोधून सांगणार होती. त्याच जोरावर सप्टेंबरमध्ये आयफोन 16 ची जाहिरात झाली. मार्च 2025 मध्ये कंपनीने कबूल केलं की याला अजून वेळ लागेल. जाहिरात गुपचूप काढून घेतली गेली आणि अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले.

आता कंपन्या स्पष्ट का बोलत नाहीत? थोडी त्यांचीही बाजू आहे. सॉफ्टवेअर किती दिवसांत होईल, हे बनवणाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. तारीख दिली आणि चुकली, तर शिव्या. पुढचं मॉडेल फार आधी सांगितलं, तर आजचं कोण घेणार? पण 'लवकरच' म्हटलं की तारीखही द्यावी लागत नाही आणि गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडेही जात नाही. उशीर कंपनीने करायचा, थांबायचं आपण! माझा राग आहे तो इथे. उशीर समजू शकतो. पण काम अडलंय की बासनात गेलंय, एवढं तरी सांगा ना. त्याऐवजी अपडेटखाली काय लिहिलेलं असतं? 'बग फिक्सेस अँड परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट्स.'

आणि हो, उद्या ऐरोली किंवा महापेच्या एखाद्या आयटी पार्कमध्ये ही ओळ तुम्हालाच टाइप करायला सांगतील. सेल्सवाल्याने डेमोत जे कबूल केलं, ते डेव्हलपरला नंतर कळतं, हेही तिथेच दिसेल.

ग्राहक म्हणून मात्र आपण अगदीच निहत्थे नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार वस्तूचं खोटं वर्णन करणारी किंवा महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण त्यासाठी 10 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. अडचण पुराव्याची असते, कारण वेबसाइटचं पान रातोरात बदलता येतं. म्हणून फोन, लॅपटॉप किंवा वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेताना फीचर्सच्या यादीचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, खालची बारीक अक्षरंही त्यात येऊ द्या. कस्टमर केअरशी चॅटवरच बोला आणि ते चॅट जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. तक्रार करताना हे सगळं हाताशी लागेल.